कुमुदची फॅमिली रूम

कुमुद गेल्याचा फोन आला तेव्हा मी अकोल्यात, गॅसवर वरण ठेवून पेपर वाचत बसले होते. भाचा बोलत होता, मी फक्त "बरं" म्हणाले. वरण करपल्याचा वास घरभर झाला तरी उठवेना...

कुमुद माझी धाकटी नणंद. नवरा गेल्यावर तिने अमरावतीत, एस.टी. स्टँडजवळ भाड्याच्या गाळ्यात भोजनालय काढलं, आणि अकोल्याहून जाऊन-येऊन सल्लागार म्हणून मी स्वतःच स्वतःची नेमणूक केली. तो माझा अवतार आठवला की हसू येतं. नागपूरला एका लग्नात एकदाच मंचुरियन खाल्लं होतं. तेवढ्या भांडवलावर मी ते मेनूकार्डात छापायला लावलं. आमचा आचारी बेसनाच्या पातोडीचा रस्सा फर्मास करायचा. मंचुरियनची ऑर्डर आली की त्याच रश्श्यात कोबीची भजी सोडून मोकळा व्हायचा. फॅमिली रूम हीसुद्धा माझीच टूम. मागे प्लायवूडचं पार्टिशन, चार खुर्च्या, एक पंखा. शहरातली कुटुंबं येतील, आइस्क्रीम मागवतील, असं माझं स्वप्न.

कुटुंबं आली नाहीत. आल्या त्या अंजनगावच्या, नांदगावच्या गाडीची वाट पाहणाऱ्या बाया. कोणी दवाखान्यातून आलेली, कोणी माहेराहून निघालेली. घरची भाकर सोडायच्या, लेकराला पाजायच्या, घटकाभर पाय पसरायच्या आणि पाणी पिऊन जायच्या. एकदा मी दारात उभी राहून, बसायचं तर निदान चहा तरी मागवा, असं ठसक्यात सुनावलं. बिचाऱ्या पिशव्या उचलून उठल्या. कुमुदने पोळ्या लाटता लाटता आतूनच त्यांना परत बसवलं आणि मला म्हणाली, "वयनी, माणसं पानठेल्यावर उभी राह्यतात. बाईनं बसावं कुठं वं?"

त्या रूमने हॉटेल बुडालं नाही. हॉटेल तसंही रोज बुडायचं आणि रोज वर यायचं. लग्नसराई लागली की आचारी न सांगता गायब, मग कुमुदच पदर खोचून भट्टीपुढे. ऐन गर्दीत सिलिंडर संपायचं. पावसाची झड लागली की केलेलं सगळं उरायचं, आणि तेच आम्ही दोघी जेवायचो. मी कुरकुरत, ती चवीने.

मग तिचं दुखणं निघालं. ती दवाखान्यात असतानाच जागामालकाला जास्त भाडं देणारा बारवाला मिळाला. मी त्याच्या घरी गेले. त्याने वाकून नमस्कार केला, चहा पाजला, तब्येतीची चौकशी केली. कुमुद बरी होईपर्यंत थांबा, या माझ्या बोलण्याला मात्र हो नाही की नाही नाही. मी चहा पिऊन परत आले. आठवड्यात पार्टिशन निघालं.

कुमुदला कोणी सांगितलं नाही. शेवटच्या भेटीत तिने विचारलं, "माह्या बाया कुठीसा बसत असतीन वं?"

"तिथंच बसल्या हायेत."

"पंखा लावून दे त्यायले."

"लावला," मी म्हणाले.

परवा अमरावतीला गेले होते. परतताना गुडघे बोलायला लागले, म्हणून त्याच गाळ्याच्या पायरीवर टेकले. आता तिथे काळ्या काचेचं दार आहे. बारच्या माणसाने दोनदा डोकावून पाहिलं. आजीबाईला उठवायचं कसं, हे त्याला कळत नसावं. तेवढ्यात एक तरणी पोर रडतं लेकरू खांद्यावर घेऊन आली आणि दाराकडे बघत उभी राहिली.

"इथं बायांची रूम होती ना माय?"

"होती," मी म्हणाले.

तिला पायरीवर बसवलं, पदराचा आडोसा केला आणि रस्त्याकडे पाठ करून तिच्यापुढे उभी राहिले. लेकरू सावकाश पीत होतं. मागे माझी अकोल्याची गाडी लागली, कंडक्टरने बेल दिली, गाडी निघाली. मी हलले नाही. तिच्यानंतर येणारीचं काय, ते मला माहीत नाही.