दगडी गुलाबाला पाणी

मला झाडांची आवड वगैरे काही नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण आमच्या सोप्यावर मांडलेल्या कुंड्या बघून येणारा प्रत्येक जण हमखास म्हणतो, "बाई, तुमका झाडांची केदी हौस!" आणि माझं डोकं फिरतं. हौस कसली डोंबलाची! परसातला तोंडलीचा वेल सोडला तर मी आयुष्यात हौसेनं काही लावलेलं नाही. या कुंड्यांतली सगळी झाडं एकाच झाडाची पिल्लं आहेत आणि ते झाड मला माझ्या पुतणीनं दिलं होतं.

सोपो म्हणजे दारापुढचा बसायचा सिमेंटचा कट्टा. लाटंबार्शातल्या आमच्या घराला आता दोन दारं आहेत आणि दोन्ही दारांना मिळून सोपो एकच. तेव्हा दारही एकच होतं, चूलही एकच. घरात मोठे भावोजी, जाऊ, त्यांची मुलगी आणि आम्ही नवराबायको. मला मूल झालं नाही. जावेच्या मुलीला मी मांडीवर घेऊन अक्षरं गिरवायला लावली, तिच्या उवा काढल्या, पाढे चुकले तेव्हा कान पिरगाळले. रात्री ती आईकडे झोपायची, बाकी दिवसभर माझीच. जावेला ते आवडत नव्हतं, पण फुकटची मास्तरीण कोणाला नको असते?

मी बाजूच्या गावात मराठी प्राथमिक शाळेत शिकवत होते. माहेर दोडामार्गाकडचं. म्हणजे किती लांब? सकाळी चालत निघालेला माणूस जेवणवेळेला पोचेल एवढं. तरी जाऊ डिचोलीची म्हणून ती घरची आणि मी "भायली", बाहेरची. लग्नाला वीस वर्षं झाली तरी बाहेरचीच. एखादी आमटी खारट झाली की, "भायल्यांची सवय ती." मीही काही कमी नव्हते. "घरच्यांनी करा मग," म्हणून पळी आपटून उठायचे.

मुलगी अकरावीत असताना त्यांची सहल उटीला गेली. परत आली ती पिशवीत एक प्लास्टिकचा पेला जपून घेऊन. "काकी, हें तुका हाडलां." आत एक विचित्र झाड. गुलाबासारखं उमललेलं, पण फूल नाहीच, सगळी पानंच. जाड, मांसल, निळसर राखी पानं एकाभोवती एक चक्रात बसवलेली आणि वर तांदळाच्या पिठासारखी पांढरी पूड. मी म्हटलं, हा तर दगडी गुलाब! जाऊ लगेच म्हणाली, "गुलाब खंयचो? फातराचें फूल तें." दगड काय नि फातर काय, एकच. पण माझ्या तोंडचा शब्द जसाच्या तसा राहू देईल ती जाऊ कसली? शेजारीण तिसरंच बोलली. तिला वाटलं ती पानफुटी, नवऱ्याच्या मुतखड्यावर दोन पानं दे म्हणून हात पुढे केला. तिला मी अशी काही हाकलली की महिनाभर ती वाट वाकडी करून जात होती.

मग राजभाषा कोंकणी की मराठी, हे आंदोलन सुरू झालं. भावोजी पणजीला सरकारी कचेरीत, ते कोंकणीच्या बाजूनं. माझे यजमान खाणीवरच्या वर्कशॉपात, ते मराठीच्या बाजूनं. दोघे सख्खे भाऊ, एकाच आईचं दूध प्यायलेले, बोलायचेही अगदी सारखं. एकाचं बोलणं कुठं संपतं नि दुसऱ्याचं कुठं सुरू होतं ते डोळे मिटून ऐकलं तर कळायचं नाही. भाषा कुठली हवी यावरून त्यांचं जे भांडण जुंपायचं, तेसुद्धा त्याच एका भाषेत! मी एकदा हसले. भावोजींनी ताट सरकवलं आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "भायल्यांनी येवन आमका भास शिकोवची न्हय."

जावेनं म्हटलं असतं तर मी परतवलं असतं. भावोजींसमोर मी कधी तोंड उघडलं नव्हतं. त्या दिवशी उघडलं. काय काय बोलले ते इथं लिहीत नाही, पण शेवटी म्हटलं, "तुमच्या मुलीला वाचायला या भायलीनंच शिकवलं." तिथंच सगळं चुकलं. भावोजी म्हणाले, मग आजपासून ती तुमच्याकडे यायची नाही. केंद्रशासित प्रदेशाचं घटकराज्य झालं तोवर आमच्याही घराची दोन राज्यं झाली होती. गवंडी आला, दुसरं दार फोडलं, आत भिंत घातली. मुलीला बजावलं गेलं, काकीच्या दारात पाय ठेवायचा नाही. आणि ती ऐकणारी होती. मीच तिला ऐकायला शिकवलं होतं ना!

माझ्याकडे राहिलं ते झाड. खरं सांगते, तोवर मी त्याच्याकडे धड बघितलंही नव्हतं. आता मात्र हट्टाला पेटले. स्वयंपाकघरात ठेवलं तर उजेडासाठी मान लांब करू लागलं, चक्र विस्कटलं, खुळ्यासारखं दिसायला लागलं. साध्या मातीत ओल राही, म्हणून चिऱ्याची बारीक खडी आणि नदीची वाळू कालवून नव्या कुंडीत लावलं. खाणीची लाल धूळ बसली म्हणून एकदा ओल्या फडक्यानं पुसलं, तर पांढरी पूड निघाली ती निघालीच आणि तिथं ऊन लागून डाग पडले. मग फुंकर मारून धूळ काढायला शिकले. पानांच्या बेचक्यात कापसासारखी पांढरी कीड झाली, तेव्हा कोणीतरी सांगितलं, फेणी लावा. काडीला कापूस गुंडाळून फेणीत बुडवून एकेक किडा टिपत मी सोप्यावर बसले होते. झालं! दुसऱ्या दिवशी अख्ख्या वाड्यात बातमी, "मास्तरीण कापसार घालून पिता." कोणी पसरवली ते सांगायला ज्योतिषी नको.

कुंडी मी सोप्यावर, बरोबर मधोमध ठेवली. तिथं सकाळचं ऊन यायचं आणि वरच्या पत्र्यामुळं पावसाचा थेंब पडायचा नाही. हे झालं लोकांना सांगायचं कारण. खरं कारण असं की मुलीनं दिलेलं झाड मुलीला येता-जाता दिसायला हवं होतं. ती आपल्या दारातून निघून कॉलेजला जायची, बघायची की नाही मला माहीत नव्हतं. पण दिसणारच ना. काकीनं टाकलं नाही, एवढं तिला कळावं, बस्स.

या झाडाला पाण्याचा तिटकारा. माती ठणठणीत वाळली की मगच घोटभर पाणी, तेही बुंध्याशी. पावसाळ्यात तर दोन-दोन आठवडे काही नाही. आणि आषाढात मी एके दिवशी शाळेतून दीडच्या गाडीनं परत आले, तर माती ओली! नुसती ओली नाही, चक्राच्या मध्यात पाणी साचलेलं. बाकीचा सोपो कोरडा ठाक. मी कापसानं पाणी टिपलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशी पुन्हा.

रोज सकाळी तांब्या घेऊन तुळशीला पाणी घालायला सोप्यावरून कोण जायचं? जाऊ. मी सात वाजता शाळेला गेल्यावर घरात कोण असायचं? जाऊ. आणि काय डोकं लढवलं होतं बयेनं! झाड उपटलं असतं, तोडलं असतं, तर मी पंचायतीपर्यंत गेले असते. पण पाणी घालणाऱ्याची तक्रार कशी करायची? "माझ्या झाडाला पाणी घालते हो," म्हणून गावात सांगितलं असतं तर लोकांनी मलाच वेड्यात काढलं असतं. पुण्य करून वर माझा जीव घेत होती ती. एका वाक्याचा प्रश्न होता: याला पाणी घालू नका. पण त्यासाठी मला तिच्याशी बोलावं लागलं असतं आणि मी मेले तरी बोलणार नव्हते. शाळेत सुटी टाकून पाळत ठेवायचीही लाज वाटली. भिंतीकडे तोंड करून भांडी मात्र जोरात आपटली.

श्रावण संपेपर्यंत खालची पानं पिवळी पडून पारदर्शक झाली, शिजलेल्या कांद्यासारखी. हात लावला की गळायची. बुंधा काळा पडायला लागला. कुंडी आत नेली तर मुलीला दिसणार नव्हती, म्हणून रोज संध्याकाळी मी नुसती माती बदलायचे, दुसऱ्या दिवशी दुपारी ती पुन्हा भिजलेली. माझा संताप इतका वाढला की वर्गात पोरांना विनाकारण मारलं एकदा. त्याची आजही लाज वाटते.

चवथीचा गणपती मात्र आमचा एकच. घरं वेगळी झाली तरी देव वाटता येत नाही, म्हणून आदल्या दिवशी सगळे जावेच्या बाजूच्या मोठ्या खोलीत जमले. भावोजींचे चुलतभाऊ हळर्णहून आले होते, नणंद धारगळहून. पुरुष माटोळी बांधत होते, गणपतीच्या डोक्यावर टांगायची फळंपानं सुतळीनं अडकवत होते. मुलगी स्टुलावर उभी राहून त्यांना कांगलांची रानफळं आणि सुपाऱ्या देत होती. मी नारळ घेऊन तिकडे निघाले आणि जाताना सवयीनं कुंडीकडे बघितलं. दगडी गुलाब एका बाजूला कोसळून पडला होता. माती चिखल झालेली.

मला पुढचं काही दिसेना. नारळ तिथंच टाकला आणि उंबऱ्यात उभी राहून, सगळ्यांसमोर, माहेरच्या बोलीत ओरडले, "माझ्या झाडाक जो हात पाणी घालता, त्या हाताक किडे पडांदे! झडान पडांदे तो हात!"

सणाची तयारी, देवाची खोली, पाहुणे. मी जावेकडे बघत होते. आता घाबरेल, आता रडेल, नाहीतर अंगावर धावून येईल. ती तशीच उभी राहिली. मग शांतपणे स्टुलाशी गेली, मुलीचं मनगट धरलं, तिला खाली उतरवलं आणि ओढत माझ्यापुढे आणून उभी केली.

"हो पळय तो हात," मनगट माझ्या डोळ्यांसमोर धरून ती म्हणाली. "म्हण आतां परतून."

मुलीच्या बोटांना सुतळीचा काथ्या चिकटलेला होता. ती माझ्याकडे बघत नव्हती.

"तूं शाळेंत गेलीस काय ही दिसपट्टी थंय वता," जाऊ म्हणाली. "फातराच्या फुलाक उदक घालता आनी तुज्या बंद दाराकडे बसता. बापायक खबर ना. हांवें केन्ना आडायलें ना."

म्हणजे मी शाळेला गेले की पोर रोज तिथं जाऊन बसत होती, बापाच्या नकळत, आणि आईनं तिला कधी अडवलं नव्हतं. वीस वर्षं जिच्याशी दात-ओठ खाऊन वागले, ती रोज सकाळी मुलीकडे पाठ करून तुळशीला पाणी घालत होती, मुलीला माझ्या दाराशी बसता यावं म्हणून. दारात पाय ठेवायला मनाई होती. सोप्यावर बसायला आणि झाडाला पाणी घालायला नव्हती. एवढी एकच फट पोरीनं शोधून काढली होती आणि मी तिच्या हातावर किडे घातले. "चुकलं गं बाय," एवढंच म्हणायचं होतं. पण मी परत फिरले, माझ्या खोलीत जाऊन दार लावलं.

संध्याकाळी झाडाचा शेंडा कापला. वरची आठ-दहा पानं अजून धड होती. आठवडाभर वर्तमानपत्रावर सुकवला आणि कोरड्या खडीत रोवला. त्यातलीच दोन-चार धड पानं सोडवून वाळूवर ठेवली. महिन्याभरात त्यांच्या टोकाला गुलाबी मुळं आली आणि नखाएवढी बाळचक्रं फुटली. झाड जगलं. सोप्यावर त्याच जागी नेऊन ठेवलं आणि सकाळी शाळेला जाताना शेजारी पाण्यानं भरलेला तांब्या ठेवायला लागले. घाल गं बाई, बुडवून मार त्याला, पण घाल. दीडला परत यायचे, तांब्या काठोकाठ तसाच. दिवाळीपर्यंत ठेवला. मग उचलला.

तीन वर्षांनी तिचं लग्न झालं. तोवर जाऊ आणि मी बोलायला लागलो होतो, भांडायलाही लागलो होतो पूर्वीसारख्या. निघताना मुलगी सगळ्यांच्या पाया पडली, माझ्याही पडली. मी एका लहान कुंडीत त्याचंच पिल्लू लावून तयार ठेवलं होतं. ते तिच्या हातात दिलं. तिनं ते क्षणभर बघितलं आणि मीच शिकवलेल्या स्वच्छ, पुस्तकी मराठीत म्हणाली, "नको काकी. माझ्या हातानं ते जगायचं नाही."

आणि कुंडी सोप्यावर ठेवून गाडीत जाऊन बसली.

ती कुंडी अजून तिथंच आहे. दोन-दोन आठवडे तिला कोणी पाणी घालत नाही. छान वाढलंय मेलं.