कापलेले शोभेचे कांदे

मी हैदराबादला बी.ए.च्या शेवटच्या वर्गात होतो. आमच्या घराण्यात शाळेची पायरी चढलेला मी पहिलाच, आणि तेही वडिलांमुळे. हे आधीच लिहून ठेवतो, कारण पुढे लिहायचे आहे ते मला शोभणारे नाही.

दसऱ्याच्या सुटीत सेलूजवळच्या आमच्या गावी आलो होतो. पाऊस उघडला होता, काळ्या रानात वाफसा आला होता. ही ओल फार तर चार-पाच दिवस टिकते, तेवढ्यात ज्वारी पेरून व्हावी लागते. आमची पेरणीची तिफण सज्ज झाली. त्याच सकाळी तालुक्याच्या एका अंमलदारांचा शिपाई दारात आला. साहेबांनी बागेत लावायला कांदे मागवले होते आणि पंचक्रोशीत कांद्याचे बी धरण्यात माझ्या वडिलांचा हात धरणारा कोणी नव्हता. ते लावून द्यायला त्यांना बोलावणे होते. बिनमजुरीची वेठ होती. नाही म्हणायची सोय नव्हती.

"कसले कांदे?" वडिलांनी विचारले.

"फुलाचे. डोक्याएवढाले जांभळे गोंडे येतेत म्हनं."

"खायाचे न्हाईत?"

"न्हाईत."

"मंग काय, नुसतं रडायला मागवले?" असे म्हणत त्यांनी पागोटे बांधायला घेतले.

मीही बरोबर गेलो. पहिला दिवस बंगल्याच्या वाटेकडेची पट्टी खणण्यात आणि खत वाहण्यात गेला. दुसऱ्या दिवशी लावण. बियासाठी कांदा लावताना आमच्याकडे त्याचा वरचा तिसरा हिस्सा कापतात. आतले कोंब मोकळे होतात, फुलांचे दांडे जास्त येतात. वडिलांनी प्रत्येक कांदा तसाच नीट कापला. मी तो त्यांच्या हातून घेऊन लावत होतो. आम्हाला दोघांनाही त्यात काही वावगे दिसले नाही.

दुपारी साहेब पाहायला आले आणि कापलेल्या शेंड्यांचा ढीग बघून लाल झाले. खिशातून घडी घातलेला इंग्रजी कागद काढून त्यांनी माझ्या हातात कोंबला. "पढो." कांदा अख्खा लावावा, फूल त्याच्या पोटातच असते, असे त्यात स्वच्छ लिहिले होते. दोन दिवस तो कागद त्यांच्या खिशात होता. माळ्याला काय वाचून दाखवायचे, असे त्यांना वाटले असणार. मला वाचता येते हे त्यांना पहिल्या दिवसापासून ठाऊक होते.

हे मी तिथेच बोलायला हवे होते. शब्द तयार होते, उर्दूही चांगली होती. ती मी कशासाठी वापरली? हात जोडून म्हणालो, "हुजूर, देहाती आदमी है, जाहिल है. माफ फर्माइए."

साहेबांनी माफ केले. फक्त सगळे कांदे उपटून पट्टी पुन्हा सपाट करून द्यायला सांगितले. त्यात तिसरा दिवस गेला.

परतताना वडील खांद्यावर कुदळ टाकून पुढे चालत होते. मीच म्हणालो, "दादा, तुमाला सोडवायला तसं बोललो."

"सोडवलंस, खरं हाय," ते म्हणाले. "पर कांदा मला येतो, लेका. ह्यो कांदा येगळा हाय, हे कुनीच सांगितलं न्हाई. एवढंच तू सायबाला सांगायचं व्हतंस."

त्यांना उर्दू कळत होती. निजामाच्या राज्यात जन्म गेलेल्या माणसाला 'जाहिल' म्हणजे अडाणी, हे कोणी सांगावे लागत नाही.

चौथ्या दिवशी तिफण रानात गेली. मी बी सोडायला पुढे झालो, तर त्यांनी बियाण्याची ओटी आईकडे दिली आणि मला म्हणाले, "तू ऱ्हाऊ दे." वरच्या अंगाची जमीन तोवर वाळली होती. फाळामागून ढेकळे निघत होती आणि दाणे त्यांच्यात कोरडेच पडत होते. तिकडचे अर्धे रान उगवले नाही.

साहेबांवरचा माझा राग वयाबरोबर थोडा निवला आहे. मी स्वतः वापरलेल्या त्या शब्दाचा राग मात्र अजून तसाच आहे, आणि तो निवावा असे मला वाटतही नाही. ज्यांच्या घामावर मी ती भाषा शिकलो, त्यांच्यावरच ती पहिल्यांदा चालवली.