हसरी पाटी

लातूरला अब्बांचं पाट्या रंगवायचं दुकान होतं. त्यांच्या हाताला एक मोकळं वळण होतं. ब्रश जरा तिरका धरून, घाईत लिहिल्यासारखी अक्षरं काढायचे. शेवटचा फटकारा कोरडा पडून फाटायचा, तो तसाच ठेवायचे. रसवंतीला, बँडवाल्यांना, टेम्पोच्या मागे ते शोभायचं. दवाखान्याला, वकिलाला मात्र सरळ, ठाशीव अक्षर. "मोकळं अक्षर म्हणजे ओट्यावर गप्पा मारणारा माणूस," म्हणायचे. "त्याला सगळीकडं नेता येत न्हाई."

भूकंपानंतर काही महिन्यांनी औशाकडच्या खेड्यातली एक बाई आली. तिचं बांगड्यांचं दुकान होतं, लेकीच्या नावाचं. जुनी पाटी अब्बांनीच रंगवलेली. घर पडलं, त्यात ती लेक गेली. आता पत्र्याच्या शेडमध्ये पुन्हा दुकान मांडायचं होतं, नाव तेच ठेवून.

अब्बांनी पट्टी लावून, काळ्या सरळ अक्षरांत, फार अदबीनं ते नाव लिहिलं.

"पेंटरभाऊ, हे दगडावर कोरल्यावानी झालं. तिची पाटी हसरी होती."

"बसा ताई, आत्ता बदलून देतो."

त्यांनी रॉकेलच्या फडक्यानं पाटी पुसली, ब्रश तिरका धरला. पहिलं अक्षर आलं ते ताठ. पुसलं. पुन्हा ताठच. अब्बांचा हात असा अडलेला मी कधी पाहिला नव्हता.

शेवटी बाईच म्हणाली, "ऱ्हाऊ द्या भाऊ. तुमाला बी जड जायलंय."

सरळ अक्षरांतलीच पाटी पुन्हा लिहून घेतली तिनं, आणि रंग ओला असतानाच ती आडवी धरून एसटी स्टँडकडं गेली.

त्यानंतर अब्बांनी ते वळण सोडलंच. पुढं शहरात गल्लोगल्ली क्लासेस निघाले. क्लासवाले सर म्हणायचे, "चाचा, जरा स्टाईलमध्ये लिहा, पोरांना आवडलं पाहिजे." अब्बा सरळच लिहायचे. गिऱ्हाईक हळूहळू फ्लेक्सकडं वळलं.

मी लग्न होऊन नांदेडला आले, डीटीपी शिकले. कॉम्प्युटरवर ब्रशचा तयार फाँट होता. क्लासचं नाव, गुणवंतांचं अभिनंदन, सगळं त्यातच. अक्षर हसरं खरं, पण प्रत्येक 'ल' दुसऱ्या 'ल'सारखा. फाटलेला फटकाराही त्याच जागी फाटलेला. मला अब्बांच्या हाताचा फाँट करायचा होता. एका ईदला लातूरला गेले तेव्हा ड्रॉइंग पेपर पुढं ठेवला.

"अब्बा, सगळी अक्षरं काढून द्या. तुमच्या जुन्या वळणाची."

त्यांनी माझ्याकडं पाहिलं, ब्रश घेतला. क, ख, ग काढले. वळण पूर्वीइतकं मोकळं नव्हतं, पण जरा सैल झालं होतं. मग ब्रश ठेवला.

"बाकीची पुढच्या ईदला, बेटा."

पुढची ईद त्यांना लाभली नाही.

तीन अक्षरांचा फाँट होत नाही. अजूनही क्लासवाले येतात, म्हणतात, "ताई, तो ब्रशवाला टाका." मी टाकते. छान दिसतं म्हणतात. दिसतंही.