मधल्या काळाचे मामा

राजे कधी आले नि कधी गेले हे साऱ्या जगाला ठाऊक असतं. पण एक गेलाय आणि दुसरा अजून यायचाय, त्या मधल्या वेळेची काळजी वाहणारा माणूस अख्ख्या परभणी जिल्ह्यात एकच, आणि तो आमच्या आजोळी, बोरीला राहतो. माझे धाकटे मामा. जन्मभर शाळेत इतिहास शिकवला, त्यातून हाती उरला एक शब्द : इंटररेग्नम. पाहुणा टेकला रे टेकला की मामा सुरू. "लॅटिन हाय. इंटर म्हणजे मधलं, रेग्नम म्हणजे राज्य. रोमात राजा मेला की नवा मिळेपर्यंत वडीलधारी मंडळी आळीपाळीनं कारभार बघायची. आता सांगा, मराठीत याला काय म्हणायचं?" पाहुण्यानं चहा फुंकत 'अराजक' म्हटलं की संपलंच! "राजा नसला की गोंधळच होतो, हे कुणी ठरवलं? राजानंच की!"

ग्रामपंचायतीची मुदत संपून प्रशासक आला, तेव्हा मामांना कोण आनंद! रोज सकाळी जाऊन सरपंचाच्या रिकाम्या खुर्चीसमोर बसायचे. शिपायानं विचारलं, "गुरुजी, काही तक्रार हाय का?" तर म्हणाले, "न्हाई बाबा, नुसतं बघायलोय." धाकट्या मामी माहेरी गेल्या की हे शेंगा-गुळावर राहणार, त्यांच्या माघारी चूल पेटवली तर ते बंड ठरेल म्हणे! मामी कपाळावर हात मारून घेत. पण हे सगळे लाड चालत, कारण घरावर खरं राज्य मोठ्या मामांचं होतं. बी-बियाणं, गडीमाणसं, सोयरीक, सगळं ते बघत. धाकट्यानं कधी बैलाची किंमतसुद्धा विचारली नाही.

यंदा पेरणीच्या तोंडावर मोठे मामा गेले. त्यांना मूलबाळ नाही. आमच्याकडे तेराव्याला सोयरे वारसाला पागोटं बांधतात. ते बांधलं की तो घरचा कर्ता, तोवर घराला धनी नाही. मेहुणे पागोटं घेऊन उभे, पंगत खोळंबलेली, आणि मामा मान खाली घालून पाटावर. "आज नको. थोडं थांबा." कुणीतरी कुजबुजलं, "गुरुजींचं सुरू झालं!" मलाही क्षणभर तसंच वाटलं.

तेवढ्यात मोठ्या मामी बाहेर आल्या. "भाऊजी, पाऊस येऊन गेला. गडी दारातून माघारी जायलेत."

"वहिनी, हे डोक्यावर चढलं की दादा गेला," मामा म्हणाले. "तोवर हाय, असं वाटायलंय मला."

कुणी हसलं नाही. मामींनी डोळ्यांना पदर लावला, मेहुण्यांच्या हातातून पागोटं घेतलं आणि दिरासमोर धरलं. "ते गेले, भाऊजी. तुमी तरी हाव ना आमाला?"

मामांनी डोकं वाकवलं. मेहुण्यांनी पागोटं बांधलं.

जेवणं उरकल्यावर गडी पायरीशी आला. "मालक, वरच्या वावरात काय टाकायचं?" मामांनी पटकन वळून ओसरीवरच्या मोठ्या मामांच्या बाजेकडं पाहिलं. बाज रिकामी होती. गडी थांबला होता, आम्हीही.

"सोयाबीन," मामा म्हणाले, आणि लहान पोरासारखे रडायला लागले.