जाऊबाईंना समुद्र दाखवला नाही

मैत्रिणींनो, आज मी मुद्दाम वाईट वागले आणि मला जराही पस्तावा नाही.

आम्ही दोघं रिटायर मास्तर-मास्तरीण सध्या भूमध्य समुद्रात क्रूझवर आहोत. सकाळी इटलीतलं एक बंदर फिरून आलो आणि डेकवरून मी गावाकडे कुरुंद्याला जाऊबाईंना व्हिडिओ कॉल लावला.

माझ्या लग्नाच्या पहिल्याच वर्षी सगळं घर वेरूळ पाहायला निघालं होतं. जाऊबाईंनी मला जीपमधून खाली उतरवलं. "हळद शिजवायला कोण थांबंल? तुला त्या दगडातलं काय समजते?" दिवसभर मी कढईपाशी रडत होते.

आज त्या म्हणाल्या, "जरा फोन फिरव ना गं. म्या समुद्र कधी पाहिलाच न्हाई."

"आवाज तुटून राहिला, जाऊबाई," म्हणत मी कॉल कापला. रेंज फुल होती.

हे म्हणाले, "वहिनी आता म्हाताऱ्या झाल्या. काहून असं केलं?"

"तवा तुमी बी जीपमध्येच बसून होते ना?"

हे उठून केबिनमध्ये निघून गेले. मी मात्र दोन आइस्क्रीम खाल्ली.

खरं सांगा, तुम्ही फोन फिरवला असता का?