उभारी नसलेले दिवस

कॉलेजच्या दुसऱ्या वर्षी माझ्याकडून काही होईनासे झाले. आजार म्हणावा तर ताप नव्हता. सकाळी भोसरीहून सायकलने पुण्याला जायचे, संध्याकाळी परत येऊन कंदिलासमोर तेच पान बघत बसायचे. मग जाणेही थांबले. परीक्षा तोंडावर आली होती. घरात माझ्याआधी कुणी कॉलेजात गेले नव्हते, त्यामुळे असे होते की नाही, हे विचारायलाही कुणी नव्हते.

प्राध्यापकांनी मला एकदा निरुत्साही म्हटले होते. शब्द चुकीचा नव्हता, पण ऐकून मी आणखीच गप्प झालो. चुलते सरळ आळशी म्हणायचे. पिंपरीला नवा कारखाना निघाला होता आणि तिथे त्यांची ओळख होती. येत्या सोमवारी याला तिथे चिकटवून टाकू, असे ते वडिलांना सांगत होते. मी ओसरीवर बसून ऐकत होतो. खरे तर मला तेही चालले असते, आणि त्याचेच जास्त वाईट वाटत होते.

वडील बैलांना वैरण टाकत होते. हातातली पेंढी सोडता सोडता म्हणाले, "आळशी न्हाई त्यो. उभारी न्हाई त्याला."

दुखण्यातून उठलेल्या बैलाबद्दल आमच्याकडे असे म्हणत. बैल खातो, पितो, पण जू दिसले की मान खाली घालतो. अशा बैलाला वडील मारत नसत आणि गोठ्यात बसूही देत नसत. मोकळ्या मानेने रोज शेतापर्यंत नेऊन आणत. उभारी येईल तेव्हा येई. एखाद्याला येतही नसे.

चुलते हसले. "मंग याला बी चरायला सोडतोस व्हय?"

वडील माझ्याकडे वळले. मला म्हणाले, "उद्या पुस्तकं नगं नेऊस. नुसता जाऊन ये."

दुसऱ्या दिवशी कॅरियर रिकामा ठेवून निघालो. वाटेत ओळखीच्या दूधवाल्याने सुट्टी आहे का विचारले, मी नुसती मान हलवली. वर्गात मागच्या बाकावर बसलो. समजले थोडेच, दमलो नेहमीइतकाच. सोमवारीही तसाच गेलो. चुलते येऊन माघारी गेल्याचे संध्याकाळी कळले.

बरे वाटू लागले, असे म्हणवत नाही. पुढे एका सकाळी निघताना मी एक वही उचलली. एकच. ती कॅरियरला लावताना वडील बघत होते. गोठ्यात जाऊन बांधायला सुतळी घेऊन आले.