मॉस्को अण्णांचं वांगं

मॉस्को अण्णा वांगी नाकाने निवडत. भाजीबाजारात वांगं उचलायचं, देठाशी हुंगायचं आणि मान हलवून परत ठेवायचं. "काका, वांगं हाय ते, मोगरा नाय," भाजीवाली वैतागून म्हणायची. अण्णा शांतपणे सांगायचे, "बाई, रशियातलं वांगं तू खाल्लेलं नाहीस."

हे रशियातलं वांगं म्हणजे माझं पाप. नव्वदीच्या सुरुवातीला ओझरच्या विमान कारखान्यातून आम्हा दोघांना सहा महिन्यांच्या प्रशिक्षणाला तिकडे धाडलं होतं. अण्णा माझ्याहून दहा वर्षांनी मोठे आणि कट्टर शाकाहारी. त्यांच्या सात पिढ्यांत कुणी मासा जवळून पाहिला नसावा. सोबत नेलेला चिवडा आणि शेंगदाण्याची चटणी तिसऱ्या आठवड्यात संपली, मग नुसता पाव आणि काळा चहा. एक दिवस मशीनवर उभ्या उभ्या त्यांना घेरी आली. मी घाबरलो. धावत जाऊन कँटीनमधून सँडविच आणलं. काळा पाव, लोणी, कांद्याच्या चकत्या आणि वर तेलात मुरवलेल्या माशाच्या पट्ट्या.

"हे काय?" अण्णांनी विचारलं.

"वांगं. इकडे असंच मुरवतात," मी ठोकून दिलं.

अण्णांनी चार खाल्ली. पुढे परतेपर्यंत रोज खाल्ली. गाल वर आले. "वांगं आपण पिकवतो, पण कळलंय ते ह्यांना," असं म्हणत ते बोटं चाटायचे. आज सांगू, उद्या सांगू, असं करत मी विमानात बसलो आणि नाशिकला उतरलो.

इथे आल्यावर अण्णांनी ते सँडविच बायकोला, म्हणजे आमच्या काकूंना, खाऊ घालायचा चंग बांधला. काळ्या पावासाठी हरसूलच्या बाजारातून नाचणी आणली. बेकरीवाल्याने एकदाच भाजून दिला आणि "काका, ही वीट तुमची तुम्हीच न्या" म्हणून हात जोडले. वांगी कधी व्हिनेगरमध्ये बुडाली, कधी मोहरीच्या तेलात. एक बरणी गच्चीवर फुटली, तेव्हा खालच्या मजल्यावरच्यांनी वाळत घातलेले कपडे दोनदा धुतले. "बाकीचे लोक तिकडून कॅमेरे घेऊन आले, आमच्याकडे वांगं आलं," असं काकू येईल त्याला सांगायच्या.

दर रविवारी परीक्षक मी. मूळ चव ठाऊक असलेला दुसरा माणूस नाशकात नव्हता. अण्णा समोर बसून माझ्या जबड्याकडे बघायचे. "जमलं?" मी गिळून म्हणायचो, "जवळ आलंय." पंधरा वर्षं ते जवळच येत होतं.

चातुर्मासात अण्णा वांगं वर्ज्य करत, तेवढे माझे दिवस सुखाचे. मग चंपाषष्ठी यायची. घरोघरी भरीत-रोडग्याचा नैवेद्य व्हायचा आणि अण्णा खंडोबापुढे ताटात सँडविच ठेवायचे. ते डोळे मिटून हात जोडायचे आणि मला भर थंडीत घाम फुटायचा.

अण्णा निवृत्त झाले. जर्मनीतल्या मुलीने अण्णा-काकू दोघांनाही बोलावून घेतलं. निघायच्या आदल्या दिवशी सकाळी बॅग भरता भरता अण्णा खुशीत म्हणाले, "तिला सांगून ठेवलंय, ते वांग्याचं सँडविच तिकडेही मिळत असेल. शोधून ठेव म्हटलं. जावयाला घेऊन जाऊ."

आता गप्प राहणं शक्य नव्हतं. "अण्णा, ते वांगं नव्हतं. मासा होता. तुम्ही उपाशी मराल म्हणून मी खोटं बोललो."

अण्णांनी हातातल्या स्वेटरची घडी घातली. मोडली. परत घातली.

"म्हणजे," ते हळूच म्हणाले, "इतकी वर्षं वांग्यांचा काही दोष नव्हता."

"नाही."

"आणि तू माझी ती वांगी गिळत राहिलास?"

"हो."

"सगळी?"

"सगळी. नाचणीच्या पावासकट."

अण्णा उठले आणि देवघरात गेले. बराच वेळ बाहेर आले नाहीत. काकूंनी दिलेला चहा मी तसाच ठेवला. मी चपला घालून निघालो. दुसऱ्या दिवशी ते गेले तेव्हा निरोपाला जायचीही मला हिंमत झाली नाही. दोन महिने पत्र नाही, फोन नाही. सख्ख्या भावासारखा माणूस मी गमावला होता, आणि चूक माझीच होती.

मग एका दुपारी फोन वाजला. अण्णा पुढच्या हिवाळ्यात तिकडेच वारले, त्यामुळे तो फोन शेवटचा ठरला आणि मला शब्दन् शब्द पाठ आहे.

"अरे, पोरगी मला त्या दुकानात घेऊन गेली होती," अण्णा एकदम सुरूच झाले. "काचेच्या आत तेच रे! तस्संच! वासही तोच."

"खाल्लंत?"

"छे! पण दहा मिनिटं उभा राहिलो. ती ओढत होती, तरी हललो नाही." मग त्यांनी आवाज खाली आणला. "नुसत्या वासाने काही बिघडत नाही ना रे?"

"नाही, अण्णा," मी म्हणालो. "अजिबात नाही."



"खरं सांगतोयस?" अण्णा म्हणाले. "की हेही वांगंच?"